किती उशा लागतात? बाळंतपणानंतर थकलेलं हृदय आणि माझी दोन वर्षं

२०२३ च्या दिवाळीत आमच्या तासगावच्या घरात निम्म्या लोकांना खोकला होता. फटाक्यांचा धूर, पहाटेची थंडी, आल्यागेल्याची गडबड. त्यामुळे मलाही खोकला आहे याचं कुणाला विशेष वाटलं नाही, मलासुद्धा नाही. मी जेमतेम दहा दिवसांची बाळंतीण होते. रात्रीची झोप नाही, टाके दुखतायत, पाय सुजलेत, मोरीपर्यंत गेलं तरी धाप. आई म्हणायची, "अगं, एवढा जीव जन्माला घातलायस, थकवा यायचाच."

तो थकवा नव्हता. माझ्या हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचं पंपिंग २८ टक्क्यांवर आलं होतं. या आजाराला पेरीपार्टम कार्डिओमायोपथी म्हणतात. गर्भारपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत, आधी हृदयाचा काही त्रास नसलेल्या बाईला हा होऊ शकतो. मिरजेच्या वॉर्डात पडल्या पडल्या मी मोबाइलवर मराठीत शोधत होते, यातून गेलेली कुणी बाई आहे का, पुढं काय होतं, किती दिवस लागतात. हाताला काही लागलं नाही. म्हणून हे तारीखवार लिहितेय. मी डॉक्टर नाही, पिंपरीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. औषधांची नावं आणि डोस माझ्यापुरते आहेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

माझं वय तेव्हा ३२. पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी आलेले. १६ ऑक्टोबरपासून बाळंतपणाची रजा लागली. तोपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग बीपी १४०/९० च्या वर राहायला लागलं, लघवीत प्रोटीन दिसलं, आणि २ नोव्हेंबरला सिझेरियन करून मुलगी झाली. वजन २ किलो ७०० ग्रॅम, रडणं खणखणीत. ६ तारखेला घरी आलो.

८ तारखेच्या रात्री पहिल्यांदा जाणवलं की आडवं झालं की खोकला येतो आणि उठून बसलं की थांबतो. एक उशी पुरेना, दुसरी घेतली. १० तारखेला, धनत्रयोदशीला, जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, म्हणाले बाळंतिणीला असं होतंच, आणि खोकल्याचं औषध दिलं. मी आडवं झाल्यावर गुदमरतं हे त्यांना सांगितलंच नाही, फक्त "खोकला आहे" म्हणाले. हे माझ्या मनाला अजून लागून आहे, म्हणून जिला कुणाला हे वाचताना ओळखीचं वाटेल तिला सांगते: डॉक्टरांना नेमकं हेच वाक्य सांगा, "झोपलं की श्वास कोंडतो, बसलं की बरं वाटतं, रात्री इतक्या उशा लागतात." आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायची का, असं तोंडानं विचारा.

घरात बाळंतिणीची बडदास्त चालू होती. सकाळी अळिवाची खीर, दुपारी डिंकाचा लाडू, जेवणावर बाळंतशोप, दूध यावं म्हणून दिवसभर काही ना काही पातळ. संध्याकाळी शेकशेगडी. प्रेमानंच सगळं. माझं वजन मात्र उतरायच्या ऐवजी वाढत होतं. १३ तारखेला बारसं झालं तेव्हा पायात जोडवी रुतली होती, आईनं साबण लावून काढली. फोटोत मी हसतेय, पण बाळाला मांडीवर घेऊन ताठ बसलेय, कारण मागं टेकलं की दम लागत होता.

भाऊबिजेच्या रात्री, १५ तारखेला, चार उशा लावून भिंतीला टेकून बसले होते. दीडच्या सुमाराला जाग आली ती पाण्यात बुडाल्यासारखी. छातीत बुडबुड्यांचा आवाज येत होता, माझा मलाच ऐकू येत होता. खिडकी उघडायला उठले आणि खाली बसले. दादानं १०८ ला फोन लावला. गाडी वीस-पंचवीस मिनिटांत आली. तिच्यातल्या डॉक्टरनं बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन ८४. "आडवं करू नका, बसवूनच न्या," हे त्याचं पहिलं वाक्य. पाय खाली सोडून, तोंडाला मास्क लावून बसून गेले. १०८ चे पैसे पडत नाहीत, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितेय. रात्री खासगी गाडी शोधण्यात वेळ घालवू नका, गाडीत ऑक्सिजन नसतो.

बाळ वहिनीपाशी राहिलं. चौदा दिवसांचं.

मिरजेत पहाटे पावणेचारला आयसीयूत घेतलं. लघवी होण्याचं इंजेक्शन शिरेतून, लघवीची नळी, नाकातोंडावर घट्ट बसणारा हवेच्या दाबाचा मास्क. हा मास्क पहिली दहा मिनिटं असह्य होतो, वाटतं हाच गुदमरवतोय. सिस्टरनं हात धरून सांगितलं, "ताई, मशिनच्या विरुद्ध श्वास घेऊ नका, ते देतंय तेवढा घ्या." तसं केल्यावर जमलं. सकाळपर्यंत लघवीच्या पिशवीत १८०० मिली जमा झालं होतं. ते सगळं पाणी माझ्या फुफ्फुसांत आणि पायांत साठलेलं.

सकाळी इको झाला. काळोख्या खोलीत डाव्या कुशीवर वळवून, छातीला थंड जेल लावून. पडद्यावर माझ्या हृदयाचा तो खालचा डावा कप्पा दिसत होता, शाळेत आपण ज्याला निलय म्हणून शिकलो तो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एवढं दिसत होतं की भिंती नीट मिटत नाहीयेत. मूठ आवळायला जावी आणि अर्ध्यातच सोडून द्यावी, तसं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: एलव्ही, म्हणजे हाच डावा कप्पा, ५८ मिलिमीटर, ईएफ २८ टक्के. बायकांमध्ये हा कप्पा भरलेला असताना साधारण ५२ पर्यंत असतो. माझा ताणून मोठा झाला होता.

ईएफ म्हणजे आपण ज्याला पंपिंग म्हणतो ते. कप्पा भरल्यावर त्यात जेवढं रक्त असतं त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर टाकलं जातं, तो आकडा. पुण्याहून धावत आलेल्या माझ्या नवऱ्याला "२८ टक्के" ऐकून वाटलं की हिचं ७२ टक्के हृदय बंद पडलंय. तो बाहेरच्या बाकावर अर्धा तास डोकं धरून बसला होता. खरं म्हणजे निरोगी माणसाचाही हा आकडा साधारण ५५ ते ७० असतो, शंभर कुणाचाच नसतो. नातेवाइकांना हे आधी कुणीतरी सांगायला पाहिजे.

लगेच कुणी आजाराचं नाव घेतलं नाही, कारण हा आजार बाकीचं सगळं वगळून ठरवावा लागतो. फुफ्फुसात गुठळी नाही ना म्हणून सीटी. थायरॉइड. हिमोग्लोबिन, ते ९.८ निघालं. झडपा ठीक आहेत का ते इकोतच पाहिलं. एनटी-प्रो-बीएनपी नावाची एक रक्ताची तपासणी झाली. हृदयाच्या कप्प्याची भिंत ताणली गेली की ती हा पदार्थ रक्तात सोडते, म्हणजे कप्प्याची स्वतःची तक्रारच म्हणायची. १२५ च्या आत असावा, माझा ४२०० होता. १७ तारखेच्या संध्याकाळी हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि सगळं समजावून सांगितलं. बाहेर रस्त्यावरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. त्यांनी तेच धरून सांगितलं.

"गर्भारपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. हृदयाला दर मिनिटाला तीस ते पन्नास टक्के जास्त रक्त फिरवावं लागतं. त्यासाठी हा डावा कप्पा थोडा मोठा होतो, भिंत थोडी जाड होते, ठोके वाढतात. जास्त भरला की जास्त जोरात आवळतो, हा त्याचा स्वभावच आहे. बाळंत होताना गर्भाशय आवळलं की त्यातलं रक्तही एकदम अंगात येतं, त्या वेळी ओझं सगळ्यात जास्त. बहुतेक बायकांचं हृदय हे सगळं पेलतं आणि काही आठवड्यांत पूर्ववत होतं. गाडी कारखान्यावर रिकामी झाली की बैल पुन्हा ताजा. तुमचा बैल गाडी रिकामी झाल्यावर बसला."

मी विचारलं, माझं काय चुकलं?

"काही नाही. बीपी वाढलेल्या बायकांमध्ये, जुळी असतील तर, वय तिशीच्या पुढं असेल तर हे जास्त दिसतं. नेमकं एकच कारण सांगता येत नाही." मग औषधांबद्दल म्हणाले, "बसलेल्या बैलाला चाबूक मारायचा नसतो. आधी ऊस उतरवायचा."

औषधांची यादी मी याच वाक्यानं लक्षात ठेवली. लघवीची गोळी पाणी उतरवते. एनालाप्रिल रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणजे चढ कमी. मेटोप्रोलॉल ठोके कमी करतं, म्हणजे चाल सावकाश, आणि कप्प्याला दोन ठोक्यांच्या मध्ये भरायला सवड मिळते. स्पायरोनोलॅक्टोन मीठ धरून ठेवू देत नाही. मेटोप्रोलॉल पहिल्या दिवशी दिलं नाही, फुफ्फुसातलं पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी अगदी छोट्या डोसनं सुरू केलं.

आणि मग ब्रोमोक्रिप्टिनचा विषय निघाला. हे मला सगळ्यात जड गेलं. दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक या आजारात तुटून त्याचा एक छोटा तुकडा बनतो आणि तो हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतो, असं जर्मनीतल्या हॅनोवरच्या संशोधकांनी २००७ मध्ये मांडलं. ब्रोमोक्रिप्टिननं प्रोलॅक्टिन थांबतं, म्हणजे दूधही थांबतं. डॉक्टरांनी जबरदस्ती केली नाही. म्हणाले, सगळीकडे हे देतातच असं नाही, पण पंपिंग इतकं कमी असताना माझं मत द्यावं असं आहे, तुम्ही दोघं रात्रभर विचार करा. रात्री छाती दुधानं दगड झाली होती आणि बाळ पस्तीस किलोमीटरवर होतं. आई म्हणाली, "बाळाला दूध डब्यातलं मिळंल. आई डब्यातली मिळत नाही." १८ तारखेला पहिली गोळी घेतली. रोज अडीच मिलिग्रॅम, सात दिवस, सोबत रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, कारण या गोळीनं आणि थकलेल्या हृदयानं गुठळी होण्याची भीती असते. तिसऱ्या दिवशी दूध आटलं.

पावडरच्या प्रत्येक डब्यावर कायद्यानं छापावंच लागतं की आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे. ते बरोबरच आहे, तो कायदा हवाच. पण पुढचे सहा महिने रात्री दोन वाजता डबा उघडताना ती ओळ समोर यायची. शेवटी नवऱ्यानं आणल्या आणल्या पावडर स्टीलच्या डब्यात ओतून ठेवायला सुरुवात केली, मापाचा चमचा आणि उघडल्याची तारीख चिकटवून. ज्या बायकांना औषधामुळे दूध थांबवावं लागलं त्यांच्या घरच्यांनी एवढं केलं तरी फार आहे.

२४ नोव्हेंबरला घरी सोडलं. आठ दिवसांत वजन साडेसहा किलोनं उतरलं होतं, सगळं पाणीच. बिल १,८६,४०० रुपये. आता त्याची गोष्ट.

नवऱ्याच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी होती. त्यात बाळंतपणासाठी ५०,००० ची मर्यादा, ती सिझेरियनमध्ये संपलेली. दुसऱ्या भरतीचं कॅशलेस नाकारलं गेलं. कारण एका ओळीत: बाळंतपणाशी संबंधित, मर्यादा संपली. दादानं एफडी मोडली, बाकीचे आम्ही घातले. मग परताव्यासाठी फाइल लावली: क्लेम फॉर्मचा भाग अ आम्ही भरलेला, भाग ब हॉस्पिटलनं भरून शिक्का मारलेला, मूळ डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं आणि पावत्या, सगळे रिपोर्ट, रद्द केलेला चेक. ८ डिसेंबरला दिली. ९ जानेवारीला ती पण त्याच ओळीनं परत आली.

गोम कोडमध्ये होती. डिस्चार्ज कार्डावर आजाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक ओ-९०.३ असा होता. हृदयाच्या स्नायूचे बाकीचे आजार आय या अक्षराखाली येतात, पण बाळंतपणानंतरचा हा आजार गर्भारपण-बाळंतपणाच्या ओ विभागात टाकलेला आहे. समोरच्या माणसानं ओ बघितला आणि बाळंतपण समजला. मी डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घेतलं: रुग्णाला तीव्र हार्ट फेल्युअर होतं, उपचार हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या निकामीपणावर झाले, प्रसूतीचे कोणतेही उपचार या भरतीत झाले नाहीत. सोबत इको, बीएनपी, आयसीयूचे कागद. आजार लपवायचा नाही, क्रमांक खोटा लिहून घ्यायचा नाही, फक्त उपचार कशावर झाले ते स्पष्ट लिहून घ्यायचं. हे पत्र विमा कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला ईमेलनं पाठवलं, पोच जपून ठेवली. तिथं समाधान झालं नाही किंवा महिन्याभरात उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही, पुण्यातही त्यांचं कार्यालय आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही. २६ फेब्रुवारी २०२४ ला १,३१,२०० रुपये मंजूर झाले. बाकीच्यात हातमोजे, मास्क, डायपर असले न मिळणारे खर्च आणि खोलीच्या भाड्यातला फरक गेला. भरतीच्या वेळीच पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा किती आहे ते बघा. त्या रात्री आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात ते आलं नाही.

घरी आल्यावरचे पहिले तीन महिने मी अगदी बारीक लिहून ठेवलेत. सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनमध्ये वजन करायचं. एका दिवसात किलोभर किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन. डिसेंबरमध्ये एकदा असा फोन करावा लागला, लघवीची गोळी तीन दिवस दुप्पट केली आणि उतरलं. वजनकाटा ९०० रुपयांचा, बीपीचं मशीन १,८०० चं, दोन्ही वसूल झाले. पाणी दिवसाला दीड लिटर, त्यात चहा, दूध, आमटी, ताक सगळं धरून. मी सकाळी दीड लिटरची बाटली भरायचे आणि जे काही प्यायलं तेवढं पाणी बाटलीतून झाडाला घालायचे. उरलं तेवढंच माझं. मीठ दिवसाला चमचाभराच्या आत. पापड, लोणचं, फरसाण, बेकरीचा माल बंद. भाकरीत मीठ नसलं की पहिले आठ दिवस घशाखाली उतरत नाही, मग सवय होते.

हे सगळं बाळंतिणीच्या घरात सांगणं सोपं नव्हतं. बाळंतिणीला पाणी मोजून देणार? खीर नाही? शेक नाही? आत्या रडल्याच. डॉक्टरांनी आईला फोनवर सांगितलं की उत्तर नायजेरियातल्या हौसा लोकांमध्ये हा आजार खूप दिसतो, तिथंही बाळंतिणीला चाळीस दिवस कानवा नावाचं खारं मीठ घालून पेज देतात, कडकडीत पाण्यानं आंघोळ घालतात, खाटेखाली विस्तव ठेवतात. तिथल्या डॉक्टरांना या प्रथांचा संशय आला होता, पण नंतरच्या अभ्यासात तो तितका पक्का ठरला नाही. "तेव्हा तुमच्या शेकानं मुलीला आजार झाला असं मुळीच समजू नका," ते म्हणाले, "पण थकलेल्या हृदयाला मीठ, पाणी आणि उष्णता आत्ता पेलणार नाही." फोन ठेवल्यावर आईनं शेगडी उचलून माळ्यावर टाकली. तिच्या मनावरचा दगड त्या पहिल्या वाक्यानं उतरला, हे मला नंतर कळलं.

रोज रात्री झोपताना ती विचारायची, "किती उशा?" तीन. डिसेंबर संपताना दोन. संक्रांतीच्या सुमाराला एक.

औषधांचा खर्च सुरुवातीला महिन्याला चौदाशेच्या आसपास होता. जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागल्यावर तो निम्म्याहून खाली आला. डॉक्टरांना विचारून बदललं, कारण दुकानदार मिलिग्रॅम बदलून देऊ शकतो. सिझेरियनच्या दुखण्यासाठी घरात ठेवलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या डॉक्टरांनी टाकून द्यायला लावल्या. तसल्या वेदनाशामकांनी अंगात पाणी धरतं. तापाला, दुखण्याला फक्त पॅरासिटामॉल. आणि जानेवारीत स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तांबी बसवून घेतली. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या या आजारात चालत नाहीत, आणि एनालाप्रिल चालू असताना दिवस राहिले तर ते बाळाला घातक असतं. हे बोलायला कुणी लाजू नये, डॉक्टर विसरले तर आपण विचारावं.

१६ फेब्रुवारी २०२४ ला तीन महिन्यांचा इको: ३८ टक्के. मला वाटलं होतं पन्नास येईल. खूप रडले. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत दहानं वर येणं ही चांगली चाल आहे, निम्म्याहून जास्त बायका पूर्ववत होतात पण त्याला सहा महिने, वर्ष लागतं. छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचं का, हा निर्णयही इतक्या लवकर घेत नाहीत, औषधांना आधी वेळ देतात. एक गोष्ट त्यांनी बजावली, इको शक्यतो एकाच ठिकाणी आणि एकाच डॉक्टरकडून करा. मोजणाऱ्याच्या हाताप्रमाणे चार-पाच टक्क्यांचा फरक पडतो, आणि तेवढ्या फरकावर माणूस उगाच उड्या मारतो नाहीतर खचतो. म्हणून मी चिंचवडला परतल्यावरही इकोसाठी मिरजेलाच जात राहिले. प्रत्येक वेळी सीडी मागून घ्या, नुसता कागद नको.

रजेचं सांगायचं राहिलं. २६ आठवड्यांची रजा १४ एप्रिलला संपत होती आणि मला दोन जिने एका दमात चढता येत नव्हते. तेव्हा लागू असलेल्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम १० प्रमाणे, गर्भारपण किंवा बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळायची. ऑफिसमध्ये हे कुणाला माहीत नव्हतं. मी कलमाचा उतारा आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून १८ मार्चला अर्ज दिला, दहा दिवसांत मंजूर झाला. विम्यासाठी मला लिहून घ्यावं लागलं की हे प्रसूतीचे उपचार नव्हेत, आणि रजेसाठी, की आजार बाळंतपणातून आला. दोन्ही खरं आहे. दोन्ही पत्रांत डॉक्टरांनी तेच निदान, त्याच शब्दांत लिहिलं, याची मी काळजी घेतली.

१७ मे: ४७ टक्के. २२ नोव्हेंबर २०२४: ५५ टक्के, कप्पा ५० मिलिमीटर. डॉक्टरांनी पहिला आणि शेवटचा इको शेजारी शेजारी लावून दाखवला. आधीचा फुग्यासारखा गोल, आताचा पुन्हा निमुळता, भिंती टोकाकडून मिटत येणाऱ्या. मी विचारलं, आता गोळ्या बंद? नाही. बरं दिसणारं हृदय औषधांच्या आधारानं बरं आहे की स्वतःच्या बळावर, हे लगेच कळत नाही. निदान आणखी एक वर्ष घ्या.

त्या वर्षात मी जगले बाकीच्यांसारखीच. सकाळी अर्धा तास चालणं, ऑफिस, मुलगी. लोकांनी दुसऱ्याचं विचारायला सुरुवात केली. डॉक्टरांशी हे आम्ही सरळ बोललो होतो. पंपिंग पूर्ण भरून आलं असलं तरी पुढच्या गर्भारपणात ते पुन्हा उतरण्याची जोखीम राहते, आणि भरून आलंच नसेल तर ती जिवावरची. आम्ही एकीवर थांबायचं ठरवलं. सासूबाईंनी एका लग्नात कुणालातरी माझ्या वतीनं उत्तर दिलं, "आम्हाला सून पाहिजे." त्या दिवसापासून तो विषय आमच्या घरात संपला.

५ डिसेंबर २०२५, शुक्रवार. औषधं उतरवायच्या आधी कप्प्यात ताकद शिल्लक किती आहे ते बघायचं म्हणून स्ट्रेस इको. म्हणजे आधी आराम असताना इको, मग ट्रेडमिल, आणि उतरल्या उतरल्या मिनिट-दीड मिनिटाच्या आत पुन्हा इको, ठोके खाली यायच्या आत. खर्च ४,२००, विम्यात बसत नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मेटोप्रोलॉल दोन दिवस आधीपासून बंद ठेवलं होतं. पुढून उघडणारा शर्ट, चालायचे बूट, दोन तास आधी हलका नाश्ता.

ट्रेडमिल दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवतं. पहिला टप्पा सोपा. दुसऱ्यात घाम आला. तिसऱ्यात दम लागला आणि मी घाबरले, कारण दोन वर्षांत दम लागला की मी थांबायचे. शेजारच्या टेक्निशियन ताई म्हणाल्या, "हा चालल्याचा दम आहे, बोलून बघा." मी बोलले. बोलता येत होतं. छातीत बुडबुडे नव्हते. साडेनऊ मिनिटांना ठोके १६८ ला गेले आणि उडी मारून पलंगावर, डाव्या कुशीवर, जेल, श्वास रोखून धरा.

पडद्यावर तो कप्पा नुसता धडधडत होता. प्रत्येक ठोक्याला भिंती आत येऊन जवळजवळ चिकटत होत्या, पोकळी रेघेएवढी उरायची आणि पुन्हा उघडायची. आराम असताना ५७, चढ चढल्यावर ६६. डॉक्टर म्हणाले, निरोगी निलय ओझं पडल्यावर असंच करतं, जास्त आवळतं, जास्त रिकामं होतं. थकलेलं असतं ते ओझ्याखाली आणखी पसरतं.

स्पायरोनोलॅक्टोन आता बंद केलंय. मेटोप्रोलॉल जानेवारीत निम्मं होईल, एनालाप्रिलचा विचार त्यानंतर, एका वेळी एकच औषध, आणि प्रत्येक बदलानंतर तीन महिन्यांनी इको. पुढची तारीख १३ मार्च २०२६. परतीच्या एसटीत आईचा फोन आला. रिपोर्ट मी सकाळीच पाठवला होता, तिला तो नको होता.

"किती उशा?"

"एकच, आई. आणि तीही मुलीच्या डोक्याखाली जाते."